धुमालवाल्या मामाचे डोळे

कारधा,
१८ नोव्हेंबर २०२४

घनश्याम मामा,

तुम्ही मला फोनवर ब्लॉक केलं, तुमच्या भाचेजावयाला, प्रितमला केलं, आणि आईला तर सगळ्यांच्या आधी केलं. पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. फाडायचंच असेल तर आधी वाचा आणि मग फाडा.

यंदाही भाऊबीजेला तुम्ही सानगडीला आला नाहीत. आईनं पाट मांडला, रांगोळी घातली, दिवेलागणीपर्यंत दाराकडे बघत बसली. मग अंगणात जाऊन चंद्राच्या कोरीला ओवाळलं आणि वर त्यालाच म्हणाली, "तू तरी आला रे बापा. ज्याले याचं होतं तो लाखांदूरले फुगून बसला हाये." माझ्या भावानं, बंटीनं हे मला फोनवर ऐकवलं. आधी दोघंही हसलो, मग मी त्याला म्हटलं, तिला जेवायला वाढ.

तुमच्या वरातीत वाजवणाऱ्या धुमाल पार्टीतले ढोलवाले लिलाधरभाऊ परवा आमच्याकडे मासोळ्या घ्यायला कारध्याला आले होते. त्यांनीच सांगितलं, की बेंजो कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलाय आणि लग्नसराईच्या आधी दुसऱ्या पार्टीचा भुपेंद्र तो विकत नेणार आहे. ऐकल्यापासून माझं डोकं फिरलंय. मामा, बेंजो विकू नका. पत्राचं कारण एवढंच आहे. बाकी जे लिहिणार आहे ते तुम्हाला वाचायला लावण्यासाठी.

अर्ध्या जिल्ह्याच्या वराती सिनेमाच्या गाण्यांवर नाचवणारा माणूस स्वतः सिनेमा बघत नाही, हे माझ्या सासरी कोणाला खरं वाटत नाही. "चित्र पाह्यलं का कान झोपते," असं तुमचं म्हणणं. गाणं ऐकायचं ते एसटीत, पानठेल्यावर, दुसऱ्याच्या फोनवर, आणि दुसऱ्या दिवशी ते बेंजोवर उतरलेलं असायचं. यात धोका एकच होता. सूर गोड असला तरी सिनेमात तिथे कोणी मेलेलं असू शकतं. म्हणून सहावी-सातवीपासून मी तुमचे डोळे झाले. मी सिनेमा बघायची आणि तुम्हाला रपोट द्यायची. "हे दोघं भांडून परत भेटतात तेव्हाचं आहे, वाजवा." "हे ती दुसऱ्याशी लग्न करते तेव्हाचं आहे, वरातीत नको." तुम्ही मान डोलवायचात आणि मला एक जलेबी जास्त मिळायची. धुमाल पार्टीचा असा नोकर आख्ख्या झाडीपट्टीत दुसरा नसेल.

मग माझं लग्न आलं, आणि तुमचे डोळे हळद लावून घरात बसले. त्याच आठवड्यात तुम्ही एसटीत पुढच्या सीटवरच्या माणसाच्या फोनवर एक धून ऐकली. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं. तुम्हाला ती इतकी आवडली, की भाचीच्या बिदाईला हीच वाजवायची असं ठरवलंत. विचारायला डोळे मोकळे नव्हते.

मी गाडीत बसत होते तेव्हा तुम्ही ती सुरू केलीत. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, फक्त एवढं कळलं, की मामांनी आजवर असं कधी वाजवलं नव्हतं. धून हळूहळू वर चढायला लागली. तेवढ्यात प्रितमचा चुलतभाऊ मंगेश फोन घेऊन पुढे आला. त्यात एक रील होती. नदीत डोंगा, म्हणजे होडी, त्यावर तिरडी, मागे हीच धून, आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. माझ्या सासूबाई ओरडल्या, लोक तुमच्या अंगावर आले, आणि आई, तुमची सख्खी बहीण, सगळ्यांसमोर म्हणाली, "घनश्याम, बंद कर ते! जा तू इथून!" तुम्ही अर्ध्यावर थांबलात, बेंजो उचलला आणि निघून गेलात. पुढे चार महिन्यांत माझे सासरे तापानं गेले. मग तर काय, सगळा दोष त्या धुनेवर आला.

तेव्हा आता मी नोकरीवर परत रुजू होते आहे. पगार नाही दिलात तरी चालेल. पहिला रपोट घ्या.

दुपारी सासूबाई जाळं विणायला, फाटलेलं सांधायला बसतात. मी समोर तांदळाच्या डब्याला टेकवून फोन ठेवते. या आठवड्यात एका बसकंडक्टरचा सिनेमा पाहिला. डोंगरातली शेवटची फेरी, आणि गाडीत बहुतेक कोणी नसतं. गाणी नाहीतच. फक्त रिकामी बस वळणावर वळते तेव्हा एक वाद्य वाजतं. मला वाटलं कोणी बाई गातेय. प्रितमनं शोधून दिलं, ती सारंगी. मामा, इतकी वर्षं सिनेमे पाहिले आणि हे वाद्य मला माहीत नव्हतं, याची मला लाज वाटली. त्या दिवसापासून मी सारंगीच ऐकतेय. सासूबाई आधी म्हणाल्या, "हे कोण रडून राहिलं दुपारच्या पारी?" चार दिवसांनी स्वतःच म्हणतात, "ते रडणारं लाव ना वो."

बेंजोवर असं वाजवता येईल का? वरातीत नाही, ढोलाखाली दबून जाईल. पण घरी एकटे असाल तेव्हा करून बघा.

तुमची
खुशबू


कारधा,
२० डिसेंबर २०२४

मामा,

उत्तर नाही आलं. पण पत्र परतही आलं नाही. लिलाधरभाऊंनी पुन्हा बातमी आणली आणि ती मासोळीपेक्षा ताजी होती. म्हणतात, "तुमचे मामा बेंजो खाली उतरवून काहीतरी घासून राहिले बापा. दोन दिवसांपासून एकच तार. शेजारचे म्हणते का भांडे घासून राहिला का काय." मला इतका आनंद झाला, की मी त्यांना एक झिंग्यांचं माप फुकट दिलं. प्रितमला सांगू नका.

मागच्या रविवारी प्रितमनं मला भंडाऱ्याला टॉकीजमध्ये नेलं. लढाईचा सिनेमा होता. तोफा, विमानं, कानठळ्या. मी म्हटलं, यात माझ्या मामाच्या कामाचं काय असणार. पण मध्यंतरानंतर त्या शिपायाची आई त्याची पत्र्याची पेटी उघडते, आणि तिथे सगळं संगीत बंद होतं. काहीच नाही. कडी निघाल्याचा आवाज आणि तिचा श्वास. आमच्या मागे एक माणूस कुरकुरे खात होता, त्याचाही हात पुडक्यात राहिला. ज्यानं हे संगीत केलं त्याच्याकडे शंभर वाजवणारे असतील. त्या सगळ्यांना गप्प बसवायला किती हिंमत लागली असेल! मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. बाहेर आल्यावर मी प्रितमला म्हटलं, न वाजवणं हेही वाजवणंच असतं. तो म्हणाला, "मग तुह्या मामानं दीड वर्षापासून लय वाजवलं म्हणाव." मी त्याला चिमटा काढला, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

शेवटी छावणीत टाळ्यांवर एक गाणं आहे. सगळे शिपाई गोल बसून गातात. बेसूर, घसा बसलेले, आणि त्यामुळेच खरे. वरात दारात आली की वाजवा, नवरदेवाचा आजासुद्धा नाचेल.

आता कामाचं. मला पाचवा महिना लागला आहे. आईला सांगितलंय, तुम्हाला कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. फेब्रुवारीत सातव्या महिन्याची ओटी भरायची आहे, इथेच, कारध्याला. मला त्या दिवशी मामा हवा आहे. साडी नको, गोडधोड नको. मामा हवा आणि त्याचा बेंजो हवा.

मी सासूबाईंना विचारलं. सरळच विचारलं, आडपडदा ठेवला नाही. त्या वाईट बाई नाहीत, मामा. मला पाण्याची घागर उचलू देत नाहीत, माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात वाढतात. पण तुमचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बंद होतो. म्हणाल्या, "खुशबू, तू माही लेक होय. मांग ते देतो. पण त्या मानसाले माह्या दारात नोको आणू. त्यानं वाजवलं, अन् माहं कुकू गेलं."

"धुनेनं माणूस मरते का?" मी म्हटलं.

"तुले काय मालूम? ते धून यायच्या तोंडात बसली होती. तापात बी सुटली नाही."

एवढं बोलून त्या उठल्या. सासरे ती धून म्हणत होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते पहाटे नदीवर जायचे, मी झोपलेली असायची. पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

मी हरले नाही. पण वाट काय काढायची तेही कळत नाही.

खुशबू


कारधा,
२१ जानेवारी २०२५

मामा,

मी तो सिनेमा पाहिला.

तोच, ज्याच्या धुनेनं एवढं रामायण घडलं. दक्षिणेकडचा आहे, हिंदीत डब केलेला. इतके दिवस कोणीच तो पाहिला नव्हता. मंगेशनं नाही, आईनं नाही, सासूबाईंनी नाही. सगळ्यांनी पाहिली ती अर्ध्या मिनिटाची रील. लोक त्यावर आपापल्या गेलेल्या माणसांचे फोटो लावत गेले, आणि त्यालाच सगळे सिनेमा समजून बसले.

मी तो एकटीच बघणार होते. सासूबाई बाजारात गेल्या होत्या, पण सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, तोच त्या परत आल्या. नेहमीसारखं जाळं ओढून बसल्या आणि विचारलं, "काय होय हे?" मी म्हटलं, एका नावाड्याचं आहे. खोटं नव्हतं.

रपोट नीट देते, कारण हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा रपोट आहे. एक नावाडी आहे, त्याची बायको नाही, एक चार-पाच वर्षांची पोरगी आहे. तो तिला वल्हं मारायला शिकवतो. पोरगी रडकुंडीला आलेली, वल्हं तिच्यापेक्षा मोठं. तेव्हा तो तिला ताल कळावा म्हणून गुणगुणायला लागतो. तीच धून! वाद्य नाही, काही नाही, एका बापाचा बसका आवाज, आणि तोही जरा बेसूर. आणि पाण्यावर वल्ह्याचा ठोका. मामा, मी आजवर इतकी गाणी ऐकली, पण गाणं असं जन्माला येताना कधी पाहिलं नव्हतं. त्या संगीतकाराला चांगला गाणारा मिळाला नसता का? मिळाला असता. त्यानं मुद्दाम बाप गाऊ दिला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांची सुई थांबली होती. त्यांनी धून ओळखली होती. मी फोन बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "राहू दे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

दुसऱ्यांदा ती धून येते तेव्हा पोरगी मोठी झालेली असते आणि लग्न होऊन डोंग्यातून सासरी जात असते. काठावर गाववाले वाजवतात. सनईसारखं काहीतरी आहे, पण जाड आवाजाचं. बिदाई, मामा! बिदाईचीच धून आहे ती! तुम्ही चित्र न बघता, एसटीच्या खडखडाटात, परक्या माणसाच्या फोनवर ऐकून ती बरोबर जागेवर नेऊन ठेवली होती. डोळ्यांवाले आम्ही सगळे चुकलो आणि तुमचा कान बरोबर होता. हे कळलं तेव्हा मला इतका अभिमान वाटला, की दारात जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं.

आणि तिथे ती धून पूर्ण वाजते. लग्नात तुम्ही जिथे थांबलात, जिथे ती वर चढते आणि आता पुढे काय असं वाटतं, तिथून ती हळूच वळून खाली उतरते, जिथून निघाली त्याच सुरावर येऊन टेकते. मी तो उतार पहिल्यांदाच ऐकला. तो ऐकल्यावर कळतं, की चढ कशासाठी होता.

सासूबाई एकदम म्हणाल्या, "हे पुढे बी हाये?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी ते पुन्हा लावायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा धून येते ती बाप मरतो तेव्हा, डोंग्यावर तिरडी, तीच ती रील. तिथे नुसता एक ढोल वाजतो आणि लांबून पोरगी गुणगुणते, बापासारखीच बेसूर. मला रडू आवरेना. सासूबाई मात्र तिथे रडल्या नाहीत. सिनेमा संपल्यावर जाळं गुंडाळून ठेवलं आणि एकट्याच नदीकडे गेल्या. आल्या तेव्हा चूल पेटवली, भात टाकला, माझ्याशी काही बोलल्या नाहीत. आज तिसरा दिवस आहे. अजून बोललेल्या नाहीत.

भुपेंद्रला आणखी थोडे दिवस थांबवा. माझ्यासाठी थांबवा.

खुशबू


कारधा,
४ फेब्रुवारी २०२५

मामा,

या वेळी रपोट नाही, निरोप आहे.

काल सासूबाई माझ्या डोक्याला तेल लावत होत्या. लावता लावता आपणहून बोलायला लागल्या. मी मान वळवली नाही, वळवली असती तर त्या थांबल्या असत्या. जे ऐकलं ते सांगते.

बिदाईच्या वेळी सासरे तुमच्या शेजारीच उभे होते म्हणे, बेंजोला हात लागेल इतके जवळ. सगळे ओरडत होते तेव्हा ते एकटेच ओरडले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंना विचारलं, "त्यानं पुढे काय वाजवलं असतं वो?" सासूबाईंनी त्यांना झापलं. पण धून त्यांच्या तोंडी बसली ती बसलीच. डोंगा सोडताना, जाळं टाकताना, भाकर खाताना. म्हणायचे, वर चढायचे आणि नेमकं तुम्ही जिथे थांबलात तिथे अडायचे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पुढचं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "अभद्र कायले तोंडावर आणता?" ते हसायचे आणि म्हणायचे, "बुढे, अभद्र नाही वो. अर्धं हाये फक्त. येकडाव लाखांदूरले जाऊन त्या मानसाले विचारून येतो."

जायचं ठरवत होते, मामा. तुमच्याकडे. धान कापून झाल्यावर जाऊ म्हणाले होते, आणि धान कापायच्या आधी ताप आला. तापात त्यांना आमची नावं आठवत नव्हती, पण ते अर्धं येत होतं. सासूबाई उशाशी बसून ते ऐकत होत्या. म्हणून त्यांनी ठरवलं, की धुनेनंच माणूस नेला.

"तो सिनेमातला बाप गुनगुनला ना," त्या म्हणाल्या, "तवा मले वाटलं का हेच होय. असेच बेसूर म्हनत होते." मग माझे केस विंचरायला घेतले.

मी म्हटलं, "मग मामाले बोलावू?"

त्यांनी माझी वेणी घातली, गाठ मारली, आणि म्हणाल्या, "पत्र आन. मी लिवतो."

ओटी सोळा तारखेला, रविवारी आहे. आई सकाळीच येणार आहे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही दारात दिसलात की ती आधी शिव्या देईल आणि मग पाट मांडेल, भाऊबीज असो की नसो. दोन्ही खाऊन घ्या.

खालचं सासूबाईंनी स्वतः लिहिलं आहे. चौथीपर्यंत शाळा झाली आहे त्यांची. एवढ्या ओळींना सगळी दुपार लागली आणि मला त्यांनी एक अक्षर सांगू दिलं नाही.

तुमची
खुशबू


घनश्यामभाऊ,

बायाबाईचा रामराम. मी तुमाले लय बोलली. बिदाईले मी तुमाले अर्ध्यात थांबवलं. तवा यायले, प्रितमच्या बाबाले बी अर्धंच भेटलं. ते तेवढंच घेऊन गेले.

सोळा तारखेले या. बेंजो आना. ओटी झाली का आपुन नदीवर जाऊ, यायचा डोंगा तिथंच बांधून हाये. सुरुवातीपासून नोको वाजवा. तेवढं यायले येत होतं. पुढचं वाजवा.